थ्री-नॉट-थ्रीचे चारशे दहा

हत्यारांचा इतिहास आपल्याकडे लढायांच्या पुस्तकांतून वाचला जातो. कोण जिंकले, किती पडले, तोफा कोणाच्या लांब पल्ल्याच्या होत्या, एवढ्यावर तो संपतो. पण राज्यकर्ता आपल्याच हाताखालच्या माणसाला कोणते हत्यार देतो, आणि देताना त्यातले काय काढून घेतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. ज्या समाजाला हत्यार, विद्या आणि पाणी या तिन्ही गोष्टी शतकानुशतके मोजून दिल्या गेल्या, किंवा दिल्याच गेल्या नाहीत, त्या समाजातल्या माणसाने तरी तो विचारला पाहिजे. म्हणून मी येथे एकाच बंदुकीची गोष्ट सांगणार आहे.

ही बंदूक म्हणजे थ्री-नॉट-थ्री. ली-एनफील्ड हे तिचे विलायती नाव. हुगळीकाठच्या ईशापूरला विसाव्या शतकाच्या आरंभी रायफलींचा कारखाना निघाला आणि तेथे ती लाखांनी तयार झाली. तिची काडतुसे डमडमला होत, तशीच आमच्या पुण्याजवळ खडकीलाही होत. पुंगळीच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरे ठोकलेली असत. माझे वडील त्याच खडकीच्या कारखान्यात कामाला होते, त्यामुळे ही अक्षरे मी शाळेत जाण्याआधीच ओळखू लागलो होतो. बोल्ट मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर, पुढे ढकलला की नवे काडतूस आत. मॅगेझिनमध्ये दहा काडतुसे. नळीच्या आत पिळाच्या पाच खाचा. त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात, म्हणून गोळी सरळ जाते. माशीसमोरच्या पट्टीवर दोन हजार यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले.

आता याच बंदुकीचे दुसरे रूप पाहा. ब्रिटिश अमलात जुन्या थ्री-नॉट-थ्री निवडून काढून देशी पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी बदलल्या गेल्या. नळी आतून पोखरली, पिळाच्या सगळ्या खाचा नाहीशा केल्या आणि .३०३ इंचांचे भोक .४१० इंचांचे, गुळगुळीत केले. मॅगेझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला. म्हणजे दर वेळी एकच काडतूस हाताने घालायचे, उडवायचे, मग दुसरे शोधायचे. काडतूसही निराळे केले, पण फार निराळे नाही. थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी तोंडाशी आवळून निमुळती केलेली असते. ती आवळायची राहू दिली की झाली चारशे दहाची पुंगळी. बुडाची कड तीच राहिल्यामुळे बोल्टला किंवा पुंगळी ओढणाऱ्या आकड्याला हात लावावा लागला नाही. खर्च थोडा, काम पक्के. आत शिशाची गोळी किंवा छरे. ज्या हत्याराचा आकडा दोन हजार यार्डांचा होता, त्याचा भरवसा आता जेमतेम शंभरभर यार्डांचा उरला.

बाहेरून मात्र काही कळत नाही. तोच लाकडी दस्ता, तोच बोल्ट, तेच बोथट नाक. खजिन्यावर पहाऱ्याला उभा असलेला शिपाई रस्त्यावरून जाणाऱ्याला लष्करी रायफल घेतलेलाच दिसतो. रुबाब सगळा शाबूत, ताकद काढून घेतलेली.

मी स्वतः टर्नरचे काम केलेले आहे. लेथवर उभा राहणारा पोरगा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकतो: भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही. जो कीस खाली पडला तो पुन्हा धातूत बसत नाही. चारशे दहाची पुन्हा थ्री-नॉट-थ्री करायची तर नवी नळीच घालावी लागते. आणि नळ्या ज्याच्या गुदामात असतात तो मालक. हा बदल सुचवणाऱ्या साहेबाला हे चांगले ठाऊक होते. शिपाई उलटला किंवा बंदूक लुटली गेली, तरी ती गोऱ्या पलटणीसमोर टिकू नये, असा हा हिशेब होता.

कोणी म्हणेल, दाट वस्तीत लांब पल्ल्याची गोळी नकोच, वाटसरू मरतील, म्हणून हा बदल. कारण ऐकायला चांगले आहे. पण १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत चारी बाजूंनी कोंडलेल्या निःशस्त्र माणसांवर १,६५० फैरी झाडल्या गेल्या, त्या अस्सल थ्री-नॉट-थ्रीतून. माणसांची काळजी हेच जर कारण असते, तर ती काळजी त्या दिवशी कोठे गेली होती? काळजी राज्याची होती. हुकूम पाळणाऱ्या पलटणीच्या हातात, गोऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेखाली, खाचांची नळी चालत होती. एकट्यादुकट्या देशी शिपायाच्या हातात ती चालत नव्हती.

या अविश्वासाचे मूळ १८५७ मध्ये आहे. त्याआधी कंपनीचा शिपाई आणि गोरा सोल्जर यांच्या बंदुकीत भेद नव्हता. कंपनीने आपल्या फौजेसाठी करून घेतलेली 'इंडिया पॅटर्न' बंदूक १७९० च्या दशकात खुद्द ब्रिटिश लष्कराने उचलली. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला लढलेल्या, नावापुढे 'नाक' लागलेल्या आमच्या पूर्वजांच्या हातातले हत्यार हे त्या काळच्या कोणाही गोऱ्या शिपायाच्या हत्याराच्या बरोबरीचे होते. १८५७ नंतर हे संपले. नवी एनफील्ड रायफल देशी शिपायाला द्यायची तर तिच्या नळीतला पीळ घासून काढून, भोक .५७७ चे .६५६ इंचांच्या आसपास करून द्यायची, असे ठरले. पोखरलेल्या नळ्या इतक्या पातळ झाल्या की फुगू लागल्या. तेव्हा पुढच्याच वर्षी जाड नळीचा नमुना काढला, पण पीळ परत दिला नाही! चारशे दहाची आजी ती ही. पुढे गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी पलटणींना स्नायडर. २७ जुलै १८८० ला मैवंदला मुंबई फौजेच्या देशी पलटणी मागच्या पिढीची स्नायडर घेऊनच अफगाणांपुढे उभ्या होत्या.

१८५७ च्या ठिणगीतही आमचा एक माणूस आहे. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या दारूगोळ्याच्या कोठीवरील एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने विटाळाचे कारण सांगून नाकारले. तेव्हा खलाशी म्हणाला की, चरबीचे काडतूस दाताने तोडावे लागेल तेव्हा तुझी जात कोठे राहील? इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रात ही हकिकत आहे. त्याचे नाव नाही. पुढच्या दलित लेखनाने त्याला मातादीन भंगी हे नाव दिले. काडतूस बनवणारे हात आमचे, लोटा त्यांचा. हा भेद इंग्रजाने आणलेला नव्हता.

म्हणूनच चारशे दहाकडे पाहून केवळ 'इंग्रजाने देशी माणसाचा अपमान केला' असे म्हणून मी थांबू शकत नाही. अपमान होता, पण त्या अपमानाच्या रांगेतही आम्ही नव्हतो. १८८८ मध्ये ब्रिटिश लष्कराने .३०३ चे काडतूस आणि मॅगेझिनची रायफल स्वीकारली. त्यानंतर चार-पाच वर्षांतच, १८९२-९३ च्या सुमारास, 'लढाऊ जमाती'च्या सिद्धांताने महारांची लष्करभरती बंद झाली. नवी रायफल आत आली आणि आम्ही बाहेर गेलो. पेन्शनर सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. तोवर गावात आमच्या हाती उरली ती काठी. सरकारी वसुलीची रक्कम तालुक्याला पोचवायची ती महाराने, वाटेतल्या दरोडेखोरांची जबाबदारीही त्याचीच, आणि हातात घुंगुरकाठी. तालुक्याच्या खजिन्यावरच्या शिपायाला निदान पोखरलेली बंदूक तरी होती.

पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये गरज सरताच मोडली गेली. १९४१ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली, व्हिकर्स मशीनगनची. या मशीनगनचे काडतूस तेच, .३०३. ज्या काडतुसाबरोबर दार बंद झाले होते, ते अर्ध्या शतकाने पट्ट्याने ओवून आमच्या हातात आले, खाचा शाबूत असलेल्या नळीसह. हे मेहेरबानीने झाले नाही. पन्नास वर्षांच्या अर्ज-विनंत्यांनी आणि संघटनेने झाले.

स्वातंत्र्यानंतर ईशापूरलाच या बंदुकीचे आणखी एक रूपांतर झाले, आणि ते मला फार शिकवून जाते. १९६२ च्या युद्धानंतर लष्कर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाकडे वळले. तेच काडतूस जुन्या आराखड्याच्या बोल्ट रायफलीत वापरायचे ठरले. पण या काडतुसाचा दाब जास्त. जुन्या पोलादावर तो टाकणे धोक्याचे. म्हणून ईशापूरच्या कारागिरांनी आकार जवळपास तोच ठेवून पोलादच बदलले. बुडाला कड नसल्याने आकडा बदलला, मॅगेझिन बारा काडतुसांचे केले. ही '२ए' आणि '२ए१' रायफल. ताकद काढून घ्यायची तर नळी घासली की भागते. ताकद वाढवायची तर धातू मुळापासून बदलावा लागतो.

१९४९ च्या नोव्हेंबरात संविधान सभेपुढे बाबासाहेबांनी जो इशारा दिला, तो मला या पोलादाच्या भाषेत कळतो. राजकारणात समता आणि समाजात विषमता, असा विरोध घेऊन आपण पुढे जात आहोत, तो लवकर दूर केला नाही तर लोकशाहीचा डोलाराच उडेल, असा त्याचा आशय होता. जबर काडतूस, जुने पोलाद.

पोलाद न बदलता दुसरा मार्गही निघतो: काडतूस तेच ठेवल्याचे भासवून नळी पोखरायची. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा घ्या. २० मार्च २०१८ ला महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेआधी मंजुरी आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची वाट काढली. कायद्याचे नाव तेच, कलमे तीच, दस्ता तोच. खाचा गेल्या होत्या. २ एप्रिलला देशभर माणसे रस्त्यावर आली, काहींनी प्राण गमावले. ऑगस्टमध्ये संसदेला १८अ हे कलम घालावे लागले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने ते मान्य केले. नवी नळी बसली, पण किंमत मोजून.

बंदूक तपासण्याची एक साधी रीत आहे. बोल्ट काढायचा, नळी उजेडाकडे धरायची आणि एक डोळा मिटून आत पाहायचे. पीळ आहे की गुळगुळीत झाले आहे, ते लगेच दिसते. दस्त्यावर हात फिरवून ते कळत नाही, शिक्का वाचूनही कळत नाही. आपल्याला दिलेल्या प्रत्येक हक्काची, प्रत्येक योजनेची, प्रत्येक जागेची तपासणी आपण याच रीतीने केली पाहिजे, आणि ती देणाऱ्याच्या समोर, भर उजेडात केली पाहिजे.