हानिकारक उत्परिवर्तन व लैंगिक प्रजनन

जनुकाची नक्कल होताना झालेली अपायकारक चूक म्हणजे हानिकारक उत्परिवर्तन. अलैंगिक प्रजननात अशा चुका पिढ्यानुपिढ्या साचत जातात, हे हर्मन म्युलर यांनी १९६४ मध्ये दाखवले. लैंगिक प्रजननात आईबापांच्या जनुकांची फेरमांडणी होऊन निर्दोष संततीही जन्मते. ही पद्धत टिकण्यामागचे हे एक प्रबळ कारण, एकमेव नव्हे. विदर्भातील सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार हे अशा उत्परिवर्तनाचे ठळक उदाहरण. त्यात बीटा-ग्लोबिन या रक्तातील प्रथिनाच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि ऑक्सिजन घटताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. दोन्ही पालक वाहक असले, म्हणजे प्रत्येकाकडे एकच सदोष जनुक असले, तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के, दोषमुक्त जनुकांचीही तेवढीच. वाहक स्वतः आजारी नसतो, हे गावोगावी कळायला हवे. उलट गंभीर हिवतापापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. म्हणूनच हे उत्परिवर्तन निवडीत नष्ट झाले नाही.