श्रुतपंचमी आणि सोलापूरची ग्रंथसेवा

ग्रंथांचा उत्सव म्हटला म्हणजे विक्रीचे मांडव, नव्या पुस्तकांचे ढीग आणि लेखकांचीं व्याख्यानें हें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ग्रंथांचा एक फार जुना उत्सव दिगंबर जैन समाजांत आजहि पाळला जातो. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस मंदिरांतील पोथ्या कपाटांतून बाहेर काढतात, त्यांवरील धूळ झटकतात, त्यांना नवीं वेष्टनें घालतात आणि त्यांची पूजा करतात. या तिथीस श्रुतपंचमी म्हणतात. गिरनारच्या गुहेंत आचार्य धरसेनांनीं पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना जें मुखोद्गत ज्ञान दिलें, तें त्यांनीं 'षट्खंडागम' या ग्रंथांत निबद्ध केलें. त्या ग्रंथाची संघानें पूजा केली तो हा दिवस, अशी परंपरा आहे. पण ग्रंथाची सेवा पूजनानें पुरी होते कीं पठनानें? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न सोलापुरांत मोठ्या कसोटीचा ठरला.

सोलापूरचे व्यापारी शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे धर्मग्रंथांचे अभ्यासक होते. उद्योगपति वालचंद हिराचंद हे त्यांचे चिरंजीव. १८८५ च्या सुमारास हिराचंदांनीं 'जैन बोधक' हें मराठी मासिक सुरू केलें. त्या काळीं धर्मग्रंथ छापणें अनेक श्रद्धाळूंस पातक वाटे. शाई फिरविण्याचे रूळ सरस व गूळ एकत्र शिजवून ओतीत, आणि सरस तर जनावरांच्या कातड्याहाडांचा. शिवाय छापील पान रद्दींत जाईल, पायदळीं येईल, ही भीति. ही शंका एकट्या जैनांची नव्हती. मुंबईंत १८३१ मध्यें पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी यांनीं सोवळ्या लोकांसाठीं शाईंत चरबीऐवजीं तूप घातल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. हिराचंद छपाईच्या पक्षाचे होते.

ज्या षट्खंडागमाचा हा उत्सव, त्याची स्थिति मात्र शोचनीय होती. वीरसेनाचार्यांनीं इ. स. ८१६ मध्यें त्यावर 'धवला' ही विस्तृत टीका पूर्ण केली. पुढें ती केवळ मूडबिद्री येथें, जुन्या कानडी लिपींतील ताडपत्रांवर उरली. यात्रेकरू येत, रत्नांच्या मूर्तींबरोबर ताडपत्रांचेंहि दर्शन घेत आणि परत जात. पानें जीर्ण होत चाललीं होतीं, वाचणारा विरळा. १८८३ मध्यें मुंबईचे शेठ माणिकचंद तेथें गेले, व त्यांनीं आपल्या सोलापूरच्या मित्रास तें कळविलें. पुढच्या वर्षीं हिराचंद स्वतः मूडबिद्रीस गेले. वर्गणी जमविण्यांत आणि पंचांचें मन वळविण्यांत बरींच वर्षें गेलीं. अखेर १८९६ मध्यें ब्रह्मसूरि शास्त्री व गजपति उपाध्याय यांनीं नकलेस आरंभ केला. नक्कल बाहेरगांवीं न्यावयाची नाहीं, अशी पंचांची अट होती.

ब्रह्मसूरि मध्येंच निवर्तले. गजपतींनीं काम पुढें चालविलें. मात्र पत्नीच्या साह्यानें त्यांनीं गुप्तपणें आणखी एक प्रत करून घेतली, आणि ती घेऊन ते सोलापुरास हिराचंदांकडे आले. मोबदला देऊन ग्रंथ ठेवून घ्यावा, अशी त्यांची विनंती होती. ज्या ग्रंथासाठीं इतकीं वर्षें झटावें, तो आपण होऊन दाराशीं आलेला! हिराचंदांनीं तो घेतला नाहीं. माणिकचंदांनींहि घेऊं नये असें त्यांस लिहिलें. पंचांना दिलेल्या शब्दामुळेंच त्यांनीं असें केलें असावें. ती प्रत पुढें सहारणपूरच्या एका धनिकानें घेतली, आणि तिच्याच नकला देशभर पसरल्या.

त्या नकलांच्या आधारें प्राध्यापक हिरालाल जैन यांनीं १९३९ मध्यें अमरावतीहून धवलेचा पहिला भाग प्रसिद्ध केला. तो पाहून मूडबिद्रीकरांनीं पुढील भागांसाठीं मूळ ताडपत्रांशीं पाठ ताडून पाहण्याची सोय आपण होऊन दिली. सुमारें वीस वर्षांत सोळा भाग पूर्ण झाले. ज्या पंचांनीं एके काळीं नक्कल गांवाबाहेर जाऊं दिली नाहीं, तेथीलच मंडळी शुद्ध पाठासाठीं साह्य करूं लागली. हा पालट छापील ग्रंथानें घडविला.

इकडे सोलापुरांत ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनीं १९४१ मध्यें तीस हजार रुपये देऊन जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापिला, आणि १९४४ मध्यें सुमारें दोन लाखांची आपली सर्व संपत्ति त्यास अर्पण केली. त्यांच्या नांवाच्या ग्रंथमालेंत 'तिलोयपण्णत्ती' या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग १९४३ मध्यें निघाला, डॉ. आ. ने. उपाध्ये व हिरालाल जैन हे त्याचे संपादक. आणि १९७३ पासून याच ग्रंथमालेनें षट्खंडागमाची सुधारलेली आवृत्ति काढण्यास प्रारंभ केला. हिराचंदांनीं दारांतून परत पाठविलेला ग्रंथ असा सुमारें अर्ध्या शतकानंतर, राजमार्गानें, सोलापुरांत आला. आणि आतां श्रुतपंचमीची पूजा आटोपल्यावर कोणाहि जिज्ञासूस तो उघडून वाचतां येतो.