सेवा उपजत येत नाही, ती शिकावी लागते

घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की त्याचं सगळं सुनेच्या नाहीतर लेकीच्या अंगावर येतं. बाईला सेवा उपजतच येते, तिला काय शिकवायचं, असं आपल्या सोलापूर जिल्ह्यात आजही म्हणतात. पण आपल्याच बायांचा इतिहास वेगळं सांगतो. तो आज आम्ही तुमच्यापुढे मांडतोय.

1909 साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या बाया पुढे ससून रुग्णालयात नर्सचं काम शिकू लागल्या. त्यात कितीतरी विधवा होत्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, हे त्या काळी लोकांना रुचत नव्हतं. पण या बाया शिकल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. सेवासदनाची शाखा सोलापुरातही निघाली.

1970 साली करमाळ्याच्या उत्तरेला, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या बायांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. तरी बाळंतपण, लेकरांचे आजार, साथी यांत गाव त्यांचं ऐकू लागलं. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणजे सेवा शिकवता येते आणि शिकलेल्या बाईला मान मिळतो. पण हे शिक्षण मिळालं ते दवाखान्यातल्या नर्सला आणि गावातल्या कार्यकर्तीला. घरात सासूचं हगणं-मुतणं काढणारी सून तशीच राहिली.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातली जवळपास दहा माणसं साठीच्या पुढची होती. त्याच सुमारास, 2010-11 साली, केंद्र सरकारनं वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. अंथरुणावरच्या वृद्धांना घरी जाऊन पाहावं आणि त्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांना शिकवावं, हे उपकेंद्राचं काम म्हणून त्यात लिहिलेलं आहे. तेव्हा 'आम्हाला शिकवा' असं म्हणणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

शिकायचं ते अवघड नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. आडवं ठेवून भरवायचं नाही, नाहीतर ठसका लागून घास श्वासनळीत जातो. उचलताना आपली कंबर कशी सांभाळायची, हेही शिकायचं. आणि सांभाळणारीलाही झोप आणि सुट्टी लागते, हे घरातल्या पुरुषांनी शिकायचं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा, कुणाच्या घरी कोण अंथरुणावर आहे? त्यांची यादी करा. आशाताईंना आणि उपकेंद्राच्या नर्सबाईंना एक दुपार बोलवा, करून दाखवायला सांगा. त्या दिवशी त्या सुनेच्या घरी तासभर दुसरीनं बसावं. वृद्धांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा.