शिडाची जहाजं आणि आपला काथ्या

जामसंड्याहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आजचा विषय शिडाच्या जहाजांचा. हा पुरुषांचा विषय, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. यात आपलाही वाटा आहे.

आपल्या उत्तरेला विजयदुर्ग. तिथं आंग्र्यांचं आरमार होतं. त्यात दोन मुख्य जाती: गुराब आणि गलबत. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी. गलबत लहान, शिडासोबत वल्ह्यांवरही चालणारं. वारा पडला की गलबतंच गुराबांना ओढून नेत. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत हे आरमार जळालं. पुढं पेशव्यांचं आरमार धुळपांनी विजयदुर्गातूनच चालवलं. १७८३ साली आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं.

लढाई क्वचित, व्यापार मात्र रोजचा. मचवे आणि फत्तेमाऱ्या कौलं, मीठ, लाकूड, नारळ घेऊन मुंबईपर्यंत जात. रात्री जमिनीवरून सुटणारा मतलई वारा आणि दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा, यांच्या जोरावर तांडेल वाट काढत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायच्या. मग आगबोटी आल्या, इंजिनं आली, रस्त्यानं ट्रक धावू लागले. मालवाहतुकीचं शीड उतरलं.

आता सांगा, झाप कोण विणायचं? सोडणं कुजवून, बडवून काथ्या कोण काढायचं? घराघरांतल्या बायकाच. तांडेलाचं नाव तरी कुणी सांगेल, दोरी वळणारीचं कोण सांगणार?

शीड मात्र संपलेलं नाही. गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून वर्तिका जोशी आणि नौदलातल्या आणखी पाच जणी १० सप्टेंबर २०१७ ला निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला गोव्यात परतल्या. 'कौंडिण्य' तर आणखी जवळची. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून ती बांधली. तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्यात. २१ मे २०२५ ला कारवारला ती नौदलात दाखल झाली.

म्हणजे ज्या काथ्याला आपण परसातला कचरा समजतो, त्यानं अख्खं जहाज धरून ठेवलंय. म्हणून गटांना आमचं एकच सांगणं आहे. पायपुसणी असो की दोरी, किंमत ठरवताना सोडणं फुकट मिळाली म्हणून कष्टही फुकट धरू नका. किती जणी बसल्या, किती तास बसल्या, ते नावासकट वहीत लिहा. दोरी वळणारीचं नाव इतिहासात राहिलं नाही. निदान आपल्या वहीत तरी राहू दे.