पाहुणा-प्रवेश (संगणकीय)

एखाद्या संस्थेच्या हजेरीपटावर नसलेल्या व्यक्तीला त्या संस्थेच्या संगणकप्रणालीत ओळख पटवून, ठरावीक कामापुरता दिलेला प्रवेश. बाहेरून आलेला परीक्षक, दुसऱ्या विद्यापीठातला सहसंशोधक, लेखापरीक्षक, कंत्राटदार हे असे पाहुणे होत. माणूस कोण हे पटवणे आणि त्याला काय करू द्यायचे हे ठरवणे, अशी यात दोन कामे आहेत. पहिले काम दुसऱ्याकडे सोपवता येते. दुसरे यजमान संस्थेलाच करावे लागते.

जुनी रीत म्हणजे पाहुण्याच्या नावाने नवे खाते काढून पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणे. पाहुण्याने मूळ नोकरी सोडली तरी यजमानाला पत्ता लागत नाही आणि खाते उघडेच राहते. सर्व पाहुण्यांना मिळून एकच खाते देणे तर त्याहून वाईट, कारण मग कोणी काय केले हे नोंदीवरून कधीच सांगता येत नाही.

यावर निघालेला तोडगा म्हणजे ओळखसंघ, एकमेकींनी पटवलेली ओळख मान्य करणाऱ्या संस्थांचा गट. पाहुणा यजमानाच्या ॲपवर येतो, यादीतून आपली संस्था निवडतो आणि त्याला त्याच्याच संस्थेच्या लॉगिन पानावर पाठवले जाते. पासवर्ड तो तिथे टाकतो. यजमानाला तो दिसतही नाही. घरची संस्था ‘हा आमचा माणूस, आमच्याकडे अध्यापक आहे’ अशा आशयाचा, डिजिटल सही केलेला निरोप पाठवते. सही कोणाची हे यजमान ओळखू शकतो, कारण संघाने सर्व सदस्यांच्या चाव्यांची यादी आधीच वाटलेली असते. नाव न कळवता केवळ ‘विद्यार्थी’ एवढेच सांगण्याचीही सोय असते आणि ग्रंथालयाच्या नियतकालिकांसाठी बहुधा तेवढे पुरते. या निरोपाचे ‘सॅमल’ हे प्रमाणरूप, त्याची 2.0 ही आवृत्ती 2005 मध्ये आली.

विद्यापीठांत रुळलेल्या या पद्धतीच्या सॉफ्टवेअरचे नाव शिबोलेथ. बायबलच्या जुन्या करारातल्या कथेत यार्देन नदीच्या उतारावर पळून आलेल्यांना हा शब्द म्हणायला लावत. ‘श’ ऐवजी ‘स’ निघाला की माणूस शत्रूचा ठरे आणि मारला जाई. बाहेरच्याला ‘ळ’ म्हणायला लावून हेरावे, तसलाच प्रकार. पाहुण्याला आत घेणाऱ्या सॉफ्टवेअरला हे नाव जरा विचित्रच. भारतात गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ‘इन्फेड’ हा असा संघ चालवते. देशोदेशींचे संघ एज्युगेन या जाळ्याने जोडलेले आहेत. एज्युरोम हे याच विचाराचे वायफायपुरते भावंड, 2002 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये सुचलेले; त्यात पाहुण्याच्या नावातल्या ‘@’ नंतरच्या भागावरून चौकशी त्याच्या घरच्या संस्थेकडे जाते.

ज्याच्यामागे अशी संस्थाच नाही, उदाहरणार्थ निवृत्त प्राध्यापक किंवा स्वतंत्र अनुवादक, त्याला निमंत्रणाचा ईमेल पाठवतात आणि दर खेपेस त्याच पत्त्यावर अल्पकाळ चालणारा कोड जातो. मायक्रोसॉफ्टच्या एंट्रा सेवेत ही सोय आहे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की ती टपालपेटी या माणसाच्या हातात आहे. म्हणून संवेदनशील माहितीसाठी मोबाइलवरचे ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी यांसारखा दुसरा पुरावा मागावा.

खरी कसोटी पाहुणा जाताना लागते. घरच्या संस्थेने खाते बंद केले की संघातून येणाऱ्याला पुन्हा लॉगिन करता येत नाही. खाजगी ईमेलवरून येणाऱ्याचे तसे होत नाही; नोकरी सुटली तरी तो पत्ता त्याच्याकडेच राहतो. अशा खात्याला निमंत्रण देतानाच शेवटची तारीख घालतात आणि ज्याने बोलावले त्यालाच ठरावीक काळाने विचारतात, हा माणूस अजून हवा आहे का. उत्तर आले नाही तर प्रवेश आपोआप काढला जाईल, अशी तजवीज करता येते.