चार मिलिमीटरची गोष्ट

तूर द फ्रान्सच्या मुख्य स्वारांना १९३७ पर्यंत डिरेलर, म्हणजे चालत्या सायकलवर गिअर बदलणारं यंत्र, वापरायला बंदी होती. आयोजक आंरी देग्रांज यांचं म्हणणं, घाट चढायचा तो पायांनी, यंत्राने नाही. मग स्वार मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना कमी-जास्त दातांची चक्रं लावत. घाट आला की खाली उतरायचं, नट सोडायचे, चाक काढून उलटं बसवायचं आणि पुन्हा सुटायचं. या कटकटीतूनच इटलीतल्या विचेंझाच्या तुल्लिओ कॅम्पान्योलोचा झटक्यात चाक सोडणारा लिव्हर पुढे आला. कॅम्पान्योलो स्वतः रेस मारणारा होता.

हे आधी सांगायचं कारण, १९७०च्या दशकातली स्टीलची रेसिंग सायकल हाती आली की पहिला वाद हाच होतो: आहे तशी ठेवायची, की नवे पार्ट टाकून रोज चालवायची? टस्कनीतल्या गायोले इन किआंती गावी १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची राइड निघते. तिथे १९८७ च्या आधीचीच सायकल चालते आणि गिअरचे लिव्हर खालच्या नळीवर असावे लागतात. एका दिवसाच्या उत्सवासाठी हा नियम छान आहे. पण ज्यांच्या आठवणीत तो पाळला जातो, ते रेसर मात्र नवा पार्ट मिळाला की जुना काढून टाकत.

बदल करायचा तर कुठे अडतं? बहुतेक वेळा चार मिलिमीटरवर.

मागच्या चिमट्याचं माप घ्या. पाच गिअर होते तेव्हा चाक बसायची जागा १२० मिलिमीटर रुंद असे. सहा-सात गिअर आले आणि ती १२६ झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आठ गिअर आले, १३० झाली. एकेक चक्र वाढलं तशी त्याला जागा लागली, एवढंच. म्हणजे १२६ च्या फ्रेममध्ये आजचं १३० चं चाक घालायला प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर हवेत. स्टील तेवढं वाकतं आणि वाकलेलं तसंच राहतं. जाणकार मेकॅनिक दोन्ही बाजू सारख्या उघडतो आणि टोकं समांतर आहेत का ते तपासतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीही करू नका, ती तडकते.

दुसरे चार मिलिमीटर चाकाच्या घेरात. त्या काळच्या कितीतरी सायकलींना २७ इंची चाकं असत, रिमचा व्यास ६३०. आजच्या ७००सी चा ६२२. फरक आठचा, म्हणजे ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली आणावे लागतात. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा असेल तर काम झालं, वर थोडा जाड टायरही बसतो. नसेल तर लांब हाताचा ब्रेक घ्यायचा.

मराठीत पार्टही ‘बसतो’ आणि माणूसही. दुसरं बसणं आपण विसरतो. १९६७ साली हॅम्ली आणि थॉमस यांनी इंग्लंडमधल्या लफबरोच्या अभ्यासातून मांडलं, की पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर पायाच्या आतल्या मापाच्या १०९ टक्के असावं. पुढे ग्रेग लेमोंडने ते पेडलच्या आसाऐवजी क्रँकच्या मध्यापासून मोजलं आणि ०.८८३ ने गुणायला सांगितलं. तुमचं माप ८० सेंटिमीटर असेल तर लेमोंडच्या हिशेबाने सीट ७०.६ वर येते. पहिल्या हिशेबातून १७ सेंटिमीटरचा क्रँक वजा केला तर ७०.२. पुन्हा चार मिलिमीटर! सुरुवात इथून करा, शेवट गुडघा सांगेल. आणि १९९० पासून आलेले ब्रेक-गिअर एकत्र असलेले लिव्हर लावलेत तर हात पुढे जातो. पाठ ताणली जात असेल तर हँडलचा स्टेम आखूड घ्या.

एक धोका मात्र मिलिमीटरमध्ये मावत नाही. इटालियन फ्रेमच्या बॉटम ब्रॅकेटचे आटे इंग्लिश फ्रेमपेक्षा मोठे असतात. शिवाय इंग्लिश फ्रेममध्ये चेनच्या बाजूचे आटे उलटे, इटालियनमध्ये दोन्हीकडचे सुलटे. झिजलेल्या इंग्लिश फ्रेममध्ये काही जण मोठे इटालियन आटे पाडतात. कधीकधी दुसरा इलाजही नसतो. पण कापलेलं स्टील परत येत नाही. वाकवलेला चिमटा परत आणता येतो, काढलेले पार्ट खोक्यात ठेवता येतात.

म्हणून जुनी सायकल बदलायला घाबरू नका, फक्त परतीची वाट ठेवा. पन्नास वर्षांपूर्वीच्या कारागिराने बनवलेल्या फ्रेममध्ये तुमचं चाक बसलं, ते स्टील ऐकणारं होतं म्हणून. तुमच्यानंतर जो कोणी तिच्यावर बसेल, त्याचंही तिने ऐकलं पाहिजे.