‘सगळी मदत बंद’ म्हणजे नेमकं काय? रेसिंग गेममधल्या सेटिंगचा छोटा इतिहास

रेसिंग गेम मनापासून खेळणाऱ्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आधी सगळे असिस्ट बंद करून चालव, मग बोल.” असिस्ट म्हणजे गेमने चालकाला दिलेली मदत. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस, ॲक्सिलरेटर जास्त दाबला गेला तर चाकं जागच्या जागी फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, घसरणारी गाडी सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल, आपोआप बदलणारे गिअर, आणि रस्त्यावर रंगवलेली आदर्श रेषा. हे सगळं काढून टाकलं की उरतं ते खरं कौशल्य, असा या वाक्यामागचा दावा.

आता दावा दिसला की संशोधन करणाऱ्याने तिथे थांबायचं असतं. कशाला ‘मदत’ म्हणायचं हे कुणी ठरवलं? कधीपासून? आणि सगळं बंद केल्यावर उरतं ते खरोखर शून्य असतं का? माझी पदव्युत्तर पदवी विज्ञानातली, त्यामुळे ‘यात इतिहास कुठे आला?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. या लेखात त्याचंच उत्तर देते. तुमच्यापैकी जे सध्या संशोधनाचा प्रस्ताव लिहितायत, त्यांना गेममध्ये रस नसला तरी चालेल. पद्धत बघा.

सुरुवात 1984 पासून करू. जेफ क्रॅमंड यांचा ‘रेव्ह्ज’ हा गेम बीबीसी मायक्रो या ब्रिटिश घरगुती संगणकासाठी आला. या संगणकाच्या मॉडेल बी मध्ये मेमरी होती 32 किलोबाइट. आज मोबाईलवरचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत फॉर्म्युला थ्री गाडी आणि सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक बसवला होता, आणि तरीही खेळणाऱ्याला पुढच्या व मागच्या पंखांचा कोन ठरवता येत होता. पंख जास्त कलते ठेवले की हवा गाडीला खाली दाबते, वळणावर पकड वाढते. पण सरळ रस्त्यावर तीच हवा गाडीला अडवते. म्हणजे ‘सर्वात चांगलं’ सेटिंग असं काही नाहीच, ट्रॅकप्रमाणे तडजोड करायची. गाडी जुळवणं ही कल्पना इतकी जुनी आहे.

1989 मध्ये अमेरिकेतल्या पॅपिरस कंपनीचा ‘इंडियानापोलिस 500: द सिम्युलेशन’ आला. त्यामागचे मुख्य प्रोग्रॅमर डेव्हिड केमर. इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर चार वळणं, आणि चारही डावीकडे. मग तिथल्या गाड्यांत एक युक्ती करतात: उजवीकडच्या मागच्या टायरचा घेर डावीकडच्यापेक्षा किंचित मोठा ठेवतात. दोन्ही चाकं एका वेगाने फिरली की मोठं चाक जास्त अंतर कापतं आणि गाडी आपसूक डावीकडे वळू पाहते. कागदाचा पेला टेबलावर आडवा करून ढकला, तो गोल फिरतो, तेच तत्त्व. हे सेटिंग या गेममध्ये होतं. ज्याला कारण कळलं त्याला फायदा; ज्याला नाही कळलं त्याच्यासाठी तो नुसता एक आकडा.

मदतीची यादी ठळकपणे दिसते ती यानंतर. 1991–92 मध्ये क्रॅमंड यांचाच ‘फॉर्म्युला वन ग्रां प्री’ मायक्रोप्रोजने बाजारात आणला. की-बोर्डच्या वरच्या ओळीतल्या सहा बटणांवर सहा मदती ठेवल्या होत्या: आपोआप ब्रेक, आपोआप गिअर, गिरकी घेतलेली गाडी सरळ करणं, गाडी न मोडणं, आदर्श रेषा आणि कोणता गिअर टाकावा याची सूचना. खेळाची पातळी वाढवत गेलं की यातल्या काही मदती वापरताच येत नसत. हा बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. इथे मदत ही फक्त सोय राहत नाही, ती दर्जाशी जोडली जाते. नवखा म्हणजे मदत घेणारा, पोचलेला म्हणजे न घेणारा. ‘सगळं बंद करून चालव, मग बोल’ या वाक्याची बीजं मला या मेनूत दिसतात.

याच वेळी खऱ्या ट्रॅकवर काय चाललं होतं? नेमकं उलट. 1992 मध्ये नायजेल मॅन्सेलने विल्यम्स एफडब्ल्यू 14 बी या गाडीत विजेतेपद मिळवलं. या गाडीत संगणकाने चालणारं सस्पेन्शन होतं, ट्रॅक्शन कंट्रोलही होतं. तिथे ही मदत म्हणजे कच्चेपणा नव्हता, ती अभियांत्रिकीची कमाल होती. 1994 च्या हंगामापासून चालकाला मदत करणाऱ्या अशा इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर बंदी आली. 2001 मध्ये स्पॅनिश ग्रां प्रीपासून ट्रॅक्शन कंट्रोल पुन्हा चालू झालं आणि 2008 पासून, सगळ्या संघांना एकच नियंत्रक संगणक सक्तीचा करून, पुन्हा बंद झालं. म्हणजे 1992 ची खरी गाडी जशीच्या तशी गेममध्ये आणायची, तर ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवणंच वास्तवाला धरून होईल! आणि आपल्या रस्त्यावर बघा. भारतात 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, 2018 मध्ये नव्या मॉडेलना आणि 2019 पासून सगळ्यांना. तिथे कुणी म्हणत नाही की एबीएस असलेला चालक कमी दर्जाचा. एकच यंत्रणा एका ठिकाणी प्रगती, दुसऱ्या ठिकाणी नियमभंग, तिसऱ्या ठिकाणी कमीपणा. संकल्पनेचा इतिहास लिहायचा म्हणजे हे सरकणं पकडायचं.

आता ‘शून्य’ या प्रश्नाकडे येऊ. खऱ्या गाडीत चालकाला स्टिअरिंगचं वजन हातात जाणवतं, घसरण पाठीला आणि सीटला कळते. की-बोर्डसमोर बसलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. वर बटण एकतर दाबलेलं असतं किंवा नसतं. अर्धवट वळवलेलं स्टिअरिंग बटणाला माहीतच नाही. त्यामुळे बटणाचा दाब हळूहळू वाढणाऱ्या कोनात बदलण्याचं काम गेमला करावंच लागतं. मेनूतल्या सगळ्या मदती बंद केल्या तरी ही मदत आत चालूच राहते, फक्त तिला नाव नसतं. म्हणून ‘विनाअसिस्ट’ हे मोजमाप नेहमी सापेक्ष असतं. दोन खेळाडूंची तुलना करायची, तर कोणता गेम, कोणतं वर्ष आणि हातात बटणं की स्टिअरिंग, हे आधी सांगावं लागतं.

मग मदत काढून हाती काय लागतं? इथे थोडं भौतिकशास्त्र लागेल. वळताना टायर जिकडे तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात जिकडे सरकतोय, या दोन दिशांमध्ये छोटा कोन असतो. तो वाढला की पकड वाढते, एका टोकाला पोचते आणि मग उतरायला लागते. 1987 मध्ये बाकर, निबोर्ग आणि पासेयका यांनी हा आलेख मांडणारं सूत्र प्रसिद्ध केलं. प्रयोगातल्या मापांशी ते इतकं छान जुळतं, पण टायरच्या आतल्या भौतिकीतून काढलेलं नाही, म्हणून त्याला ‘मॅजिक फॉर्म्युला’ असंच नाव पडलं. त्याची वेगवेगळी रूपं पुढे अनेक गेममध्ये वापरली गेली.

ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल तुम्हाला या शिखराच्या अलीकडे, सुरक्षित बाजूला धरून ठेवतात. त्यामुळे होतं काय, की सेटिंगमधला बदल दिसेनासा होतो. समजा मागच्या स्प्रिंग कडक केल्या. मदत बंद असेल तर वळणातून बाहेर पडताना गाडीची शेपूट लवकर सुटते आणि तुम्हाला लगेच कळतं. मदत चालू असेल तर संगणक इंजिनची ताकद गुपचूप कमी करतो. तुम्हाला फक्त लॅपची वेळ थोडी वाढलेली दिसते आणि दोष कुठला ते कळत नाही. म्हणजे गाडी जुळवणं आणि मदत बंद करणं हे दोन वेगळे छंद नाहीत. पहिल्याचं उत्तर वाचता यावं म्हणून दुसरं करावं लागतं.

हे सगळ्यात कठोरपणे दाखवणारा गेम 1998 चा, ‘ग्रां प्री लेजंड्स’. पुन्हा पॅपिरस, पुन्हा केमर. त्यांनी विषय निवडला 1967 चा फॉर्म्युला वन हंगाम. का? फॉर्म्युला वन गाड्यांना पंख लागले 1968 पासून. त्याआधीच्या गाड्यांना हवा खाली दाबत नव्हती. लोटस 49 सारखी सुमारे 400 अश्वशक्तीची गाडी, अरुंद टायर आणि पकड फक्त यांत्रिक. शिखराच्या आसपास गाडी सतत तरंगती ठेवणं हेच चालवणं. समीक्षकांनी गेमचं कौतुक केलं, पण विक्री फार झाली नाही. अनेकांना पहिल्याच वळणावर गिरकी बसायची. कमी ताकदीच्या सराव-गाड्या गेममध्ये दिलेल्या होत्या, तरीही. मात्र जे टिकले त्यांनी सेटिंगच्या फायली एकमेकांना पाठवल्या, डिफरन्शियलच्या कोनांवर वाद घातले, नवे ट्रॅक बनवले. माझ्यासाठी खरा दस्तऐवज हाच आहे. गेमचा मूळ कोड बाहेरच्यांना उपलब्ध नसतो; पण माहितीपुस्तिका, सेटिंगच्या फायली आणि रिप्ले सांगतात की लोक यंत्राला कसं समजून घेत होते. पुढे 2004 मध्ये केमर यांनी जॉन हेन्री यांच्यासोबत आयरेसिंग सुरू केलं.

दुसरी वाट जपानमधून आली. डिसेंबर 1997 मध्ये प्लेस्टेशनवर काझुनोरी यामाउची यांचा ‘ग्रान टुरिस्मो’ आला आणि एक कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या. इथे ‘ट्यूनिंग’ला दुसरा अर्थ मिळाला: शर्यत जिंका, पैसे मिळवा, टर्बो विकत घ्या. ताकद विकत घेणं आणि समतोल जुळवणं या दोन गोष्टींना आज एकच शब्द आहे, आणि त्यामुळे मुलाखती घेताना बराच गोंधळ होतो. समोरच्याने ‘ट्यूनिंग’ म्हटलं की मी नेहमी विचारते, “म्हणजे काय केलंत?” हा प्रश्न तुमच्या वहीतही लिहून ठेवा.

मग गेमवर शिकलेलं रस्त्यावर उतरतं का? 2008 मध्ये निस्सान आणि प्लेस्टेशनने ‘जीटी अकॅडमी’ सुरू केली. पहिला विजेता लुकास ऑर्डोनेझ 2011 मध्ये ल माँच्या एलएमपी 2 गटात दुसऱ्या क्रमांकाच्या संघात होता. उदाहरण जबरदस्त आहे, पण त्यावरून ‘गेम चालक घडवतो’ असा निष्कर्ष काढू नका. प्रचंड गर्दीतून एकाला निवडलं आणि मग त्याला खऱ्या गाडीत कसून प्रशिक्षण दिलं. गेमने कौशल्य घडवलं की आधीच असलेलं शोधलं, हे या रचनेतून वेगळं करता येत नाही. निवडीचा परिणाम आणि शिकण्याचा परिणाम वेगळा काढणं हीच तर रिसर्च डिझाइनची कसोटी.

हे स्वतः करून बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग. एक गाडी, एक ट्रॅक, ठरावीक इंधन, मदत बंद. आधी दहा लॅप मूळ सेटिंगवर. मग एकच बदल, पुन्हा दहा लॅप. आणि मग परत मूळ सेटिंगवर दहा लॅप. ही तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. पण लॅप मारता मारता तुमचा हात बसत जातो, आणि ती सुधारणा नव्या सेटिंगच्या खात्यावर जमा होते. मूळ सेटिंगवरची दुसरी वेळ पहिल्यापेक्षा चांगली आली, तर फरक गाडीत किती आणि तुमच्यात किती याचा अंदाज येतो.

आणि गेम खेळायचाच नसेल, तर आपल्या प्रयोगशाळेत जा. स्पेक्ट्रोमीटरचं सॉफ्टवेअर बेसलाइन आपोआप सरळ करतं, आलेख गुळगुळीत करतं, सांख्यिकीचं पॅकेज काही गृहीतकं न विचारता लावून टाकतं. हेही असिस्टच. ते वाईट आहेत असं नाही, मीही वापरते. पण कोणते चालू होते हे प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं नाही, तर तुमचा आकडा दुसऱ्या कुणाला पडताळता येणार नाही. या आठवड्यात तुमच्या उपकरणाचा सेटिंगचा मेनू उघडा आणि तुम्ही कधीही हात न लावलेल्या पर्यायांची यादी करा. त्यातला एक बंद करून तोच नमुना पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.